तासगावला द्राक्षबाग आहे. छाटणी झाली की पावसाच्या धास्तीनं झोप उडते. घरचे म्हणतात ‘देवावर सोड’. म्हणजे नक्की काय सोडायचं?

फळ आपल्याच हातात आहे हा हट्ट सोडायचा. फवारणी तेवढी वेळेवर करायची. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांची (1845–1913) शिकवण हीच आहे: कर्ता राम, आपण निमित्त. चिंता येते ती ‘सगळं माझ्यावर आहे’ या समजुतीतून, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा अहंकारही असतो. फुलोऱ्यात पाऊस आला तर घडकूज होणार, दावण्या हा बुरशीचा रोग येणार. रात्रभर जागून ढग काही हलत नाहीत. म्हणून रात्री एकदा विचारा, आज माझ्याकडून करायचं काय राहिलं? राहिलं असेल ते वहीत लिहा. उरलेलं नाम घेत त्याच्या पायाशी ठेवा. पहिल्या रात्री जमणार नाही. परत परत ठेवावं लागतं.

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसणं असा काढू नका. दुष्काळात महाराजांनी लोकांना शेतात कामं देऊन जेवू घातलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. आणि विम्याची मुदत देव लक्षात ठेवत नाही, ती तुम्हीच बघायची.

एक मात्र आहे. दोन-दोन आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर नुसत्या नामावर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत नंबरवर बोला.