ऑपरेशन झाले, मग ओढणी का सुटत नाही?

"ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर समाधानी आहेत, मग मलाच आनंद का होत नाही?" हा प्रश्न लातूरमध्ये स्तनांच्या आकाराची शस्त्रक्रिया करवून घेणाऱ्या मुलींचे समुपदेशन करताना मी वारंवार ऐकते. त्यांतील एकीचा अनुभव, ओळख पुसून, येथे सांगते.

औसा तालुक्यातील ही २३ वर्षांची मुलगी प्रथम आली तेव्हा तिच्या ओढणीला तीन पिना होत्या. तिच्या स्तनांचा आकार नळीसारखा होता. ही जन्मजात स्थिती वयात येताना दिसू लागते. तळाशी ऊतींचा आवळ पट्टा असल्याने स्तन रुंदीने भरत नाही आणि पुढे लांबतो. तो आजार नव्हे. १९७६ मध्येच या स्थितीचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आले होते, असे मी सांगितले, तेव्हा ती पुटपुटली, "म्हणजे माझ्यासारख्या अजून आहेत?"

पुढे शस्त्रक्रिया झाली. सर्जननी तो पट्टा आतून मोकळा करून इम्प्लांट, म्हणजे स्तनाला आकार देणारे कृत्रिम रोपण, बसवले. सहा आठवडे आधाराची ब्रा आणि जड उचलण्यास मनाई होती. नातेवाइकांना मात्र अपेंडिक्सचे कारण सांगितले गेले. दोन महिन्यांनी ती आली, तेव्हाही पिना तीनच होत्या.

"आता काय झाकतेस?" मी विचारले.

बराच वेळ ती बोलली नाही आणि मीही ती शांतता मोडली नाही. घाईने दिलासा देणे म्हणजे समोरच्याचा विचार हिरावून घेणे, असे मी मानते. अखेर ती म्हणाली, "आधी आकार झाकत होते, आता व्रण. मॅडम, माझं लपवणं तसंच राहिलंय."

इतक्या वर्षांच्या कामात मी जे सांगू पाहत होते, ते तिने एका वाक्यात मांडले. सर्जन आकार सुधारतो. दहा वर्षांची खांदे पाडून चालण्याची सवय टाक्यांबरोबर निघत नाही. सूज उतरून आकार स्थिरावण्यास काही महिने लागतात आणि व्रण फिके होण्यास वर्ष किंवा अधिक, म्हणून पहिल्या आठवड्यांत आरशाकडून निकाल मागू नये. एकाच बाजूला अचानक सूज, वाढती लाली किंवा ताप आल्यास मात्र थेट सर्जनकडेच जावे. इम्प्लांट आयुष्यभराचे नसतात आणि या स्थितीत दूधग्रंथी मुळातच कमी असू शकतात, म्हणून पुढील स्तनपानाविषयी आधीच विचारून घ्यावे.

शेवटच्या भेटीत पिन एकच होती. तिने मावसबहिणीला सगळे खरे सांगितले होते.

"काय म्हणाली ती?"

"रागावली. म्हणाली, मावशी दीड महिना एकटी पाणी भरत होती, मला सांगितलं असतं तर घागर मी आणली असती की."