सिव्हिल सोडू नकोस, आधी एका चौकात जाऊन उभी राहा

‘मी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एआय वापरून शहरांची वाहतूक सुधारायचं काम मला करायचं आहे. बाबा म्हणतात, एक वर्ष वाया गेलं तरी चालेल, पण कॉम्प्युटरला ब्रँच बदलून घे. एआयमध्ये सिव्हिलवाल्यांना कोण विचारतं? कोडिंग मला जेमतेम येतं. काय करू?’

ब्रँच बदलू नकोस. बाबांची काळजी खोटी नाही, पण त्यांनी एआय हेच काम धरलंय आणि वाहतूक हा त्याचा एक उपयोग. तुझ्या पत्रात मला उलटं दिसलं. तुझं काम वाहतूक, एआय हे त्यातलं हत्यार. आणि वाहतूक अभियांत्रिकी शिकवली जाते ती सिव्हिलमध्येच.

सिग्नलचंच बघ. चौकातल्या सिग्नलचं एक आवर्तन, म्हणजे सगळ्या दिशांना एकेकदा हिरवा दिवा मिळण्याची फेरी, किती सेकंदांचं असावं, याचं सूत्र वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाने 1958 मध्ये मांडलं. दिवा बदलला की प्रत्येक वेळी काही सेकंद कुणाच्याच कामी येत नाहीत. आवर्तन लांबवलं तर हे सेकंद कमी वाया जातात, पण लाल दिव्यापाशी थांबलेला ताटकळतो. या दोन टोकांमधली जागा शोधणं हा मूळ प्रश्न, आणि तो अजून तोच आहे. 1970च्या दशकात सिडनीत रस्त्याखालच्या सेन्सरवरून सिग्नलच्या वेळा आपोआप बदलणारी स्कॅट्स प्रणाली आली, तेव्हा एआयचा गाजावाजा नव्हता. 2012 मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ चौकांवर प्रयोग केला. प्रत्येक चौक समोरून येणाऱ्या गाड्या पाहून आपलं वेळापत्रक स्वतः आखायचा आणि ‘एवढ्या गाड्या तुझ्याकडे सोडतोय’ असं शेजारच्या चौकाला कळवायचा. प्रवासाचा वेळ सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांनी नोंदवलं.

आता खरी गोम. असा प्रोग्रॅम कशाची तरी बेरीज कमी करत असतो. ती बेरीज गाड्यांच्या खोळंब्याची असेल, तर पन्नास प्रवाशांची बस आणि एकट्या माणसाची मोटार त्याच्या लेखी सारखीच. पायी चालणारा तर हिशेबातच नाही, कारण त्याला टिपणारा सेन्सर बहुतेकदा बसवलेलाच नसतो. बेरीज कशाची धरायची, हा निर्णय कोड लिहिण्याआधीचा आहे, आणि त्या टेबलावर रस्ता कळणारं माणूस लागतं.

माझं आवडतं उदाहरण बसचं. बराच वेळ बस येत नाही आणि मग एकामागोमाग दोन येतात, हे सगळ्यांनी भोगलंय. लोक वेळापत्रकाला शिव्या घालतात, पण कारण वेगळंच असतं. एखादी बस जराशी उशिरा निघाली की पुढच्या थांब्यावर तिची वाट पाहणारे वाढलेले असतात. त्यांना चढायला वेळ लागतो, उशीर आणखी वाढतो. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, ती भरभर येते आणि पुढचीला गाठते. याचं गणित न्यूवेल आणि पॉट्स यांनी 1964 मध्येच मांडलं. नेहमीचा उपाय म्हणजे मागच्या बसला मध्ये कुठेतरी रोखून धरणं. कुठे आणि किती सेकंद, हे जीपीएसच्या नोंदींवरून आधीच सांगणं मशीन लर्निंगला, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, चांगलं जमू शकतं. पण विनाकारण थांबलेल्या बसमध्ये बसून चरफडणाऱ्यांचा वेळही मॉडेलने धरायला हवा. तो धरायचा राहिला, हे आकड्यांवरून कळणार नाही. बसमध्ये बसल्यावर कळेल.

आणि कधी कधी उत्तर एआय नसतंच. नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, हे ब्राएस या जर्मन गणितज्ञाने 1968 मध्ये दाखवून दिलं. स्टॉकहोमने 2006 मध्ये शहराच्या मध्यभागात जाण्यावर शुल्क लावून पाहिलं, तर हद्द ओलांडणाऱ्या गाड्या साधारण 20 टक्क्यांनी घटल्या. ‘इथे मॉडेल नको, बसला वेगळी लेन द्या’ असं साहेबांना सांगायची वेळ तुझ्यावरही येईल. ते ठामपणे सांगता येण्याएवढा अभ्यास कर.

कोडिंगचं म्हणशील तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सहा महिन्यांत कामापुरतं येतं, रोज हात चालवलास तर. त्याहून जास्त वेळ संख्याशास्त्राला दे; डीप लर्निंगमागे धावणारी बरीच मुलं इथेच कच्ची राहतात. मग जर्मनीच्या अवकाश संशोधन केंद्राने तयार केलेलं ‘सुमो’ हे रस्त्यावरच्या वाहतुकीची नक्कल करणारं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घे. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशावरून एक चौक त्यात आण. त्याच चौकात एक तास उभी राहून दर पंधरा मिनिटांनी सरळ, डावीकडे, उजवीकडे किती गाड्या गेल्या ते वहीत मोज. आधी वेबस्टरच्या सूत्राने वेळा काढ, मग रीइन्फोर्समेंट लर्निंगने, म्हणजे करून बघत आणि चुकांतून शिकत जाणाऱ्या एआयने, त्या सूत्राला हरवायचा प्रयत्न कर. हरवता आलं नाही तरी तसंच लिही. मुलाखत घेणाऱ्याला तो प्रामाणिक तक्ता दहा ऑनलाइन सर्टिफिकेटांपेक्षा जास्त सांगतो.

नोकऱ्या वाहतूक नियोजनाच्या सल्लागार कंपन्यांत, बस-मेट्रो चालवणाऱ्या संस्थांत, सिग्नल यंत्रणा बनवणाऱ्यांकडे, नकाशा आणि मालवाहतुकीच्या कंपन्यांत असतात. सुरुवातीला बराच वेळ बंद पडलेले सेन्सर आणि इमारतीतून आरपार जाणाऱ्या जीपीएसच्या रेघा निस्तरण्यात जाईल. त्याचा कंटाळा येणार असेल तर आत्ताच विचार कर.

एक मात्र बाबांच्या बाजूने. विनाचालक गाडी बनवणं हे तुझं स्वप्न असेल, तर त्यांचं बरोबर आहे. ते काम कॉम्प्युटर आणि रोबोटिक्सवाल्यांचं. पत्रात तसं काही दिसलं नाही, म्हणून हे सगळं लिहिलं.

पहिली मोजणी झाली की कळव. रस्ता ओलांडायला थांबलेली माणसं मोजलीस का, तेही लिही.