आजोबांच्या डब्यातले आयरिश पैसे

मित्रा, आजोबांच्या डब्यात जुन्या आयरिश नोटा-नाणी सापडली म्हणतोस, पण तो डबा घेऊन लगेच बँकेत धावू नकोस. आयर्लंडची सेंट्रल बँक जुने पौंड (युरोच्या आधीचं तिथलं चलन) आजही बदलून देते, त्याला मुदत नाही. दर ठरलेला आहे: 0.787564 पौंडाला 1 युरो, म्हणजे वीसच्या नोटेचे साधारण 25.39 युरो. पण तिथे फक्त दर्शनी किंमत मिळते. नांगरधारी शेतकऱ्याचं चित्र असलेली 1929 पासूनची नोट असेल, तर संग्राहक तिला कितीतरी जास्त देतात. ती चुकूनही बदलायला देऊ नकोस!

नाणी नीट बघ. घोडा असलेला हाफ क्राउन आणि सॅमन मासा असलेला फ्लोरिन, दोन्ही 1943 पर्यंत 75 टक्के चांदीचे. त्यातही साल 1943 दिसलं, तर हातात कडेनेच धर, कारण त्या सालची ही दोन नाणी फार दुर्मीळ आहेत. तीच दोन 1951 पासूनची असतील, तर त्यात चांदी नाही.

आणि कळकळीने सांगतो, चिंच-पितांबरीने घासू नकोस. मी सुरुवातीला बैलाचं चित्र असलेलं एक शिलिंगचं नाणं असंच लख्ख केलं. बैलाच्या अंगावरचे बारीक उठाव गेले आणि किंमतही गेली.