मुलांना घेऊन जर्मनीला गेल्यावर ती किती दिवसांत रुळतात? घरी मराठी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय, मुलगी सात वर्षांची, मुलगा चार, बडोद्याहून म्युनिकला बदली. आम्हीही बडोद्याहूनच जर्मनीला आलो, म्हणून लिहितेय.

मराठीचं आधी. मुळीच बंद करू नका. तुमचं-आमचं जर्मन सहा महिन्यांच्या क्लासचं, ते मुलांनी का म्हणून उचलावं? आमचे पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी साताऱ्याहून बडोद्याला आले. तेव्हापासून दांडिया बाजारातल्या घरात मराठी आणि पायरी उतरली की गुजराती. उत्तरायणाला पतंग कापला की गच्चीवरून 'काप्यो छे' ओरडायला आम्हाला कुणी क्लास लावला नव्हता.

आता रुळण्याचं. २०२१च्या सप्टेंबरमध्ये आम्ही गेलो. लेक बडोद्यात तिसरीत होती, तीही मोबाइलवरच्या तिसरीत. तिथल्या शाळेने वय पाहिलं, भाषा पाहिली आणि म्हणाले, दुसरीत बसवू या. आम्ही हो म्हटलं. ही बातमी बडोद्याला कळली आणि माझे थोरले दीर म्हणाले, "म्हणजे नापासच झाली की!"

त्या 'नापास'ने आमचा अख्खा हिवाळा खाल्ला. लेक शाळेत एक अक्षर बोलेना. नव्या भाषेत पडलेली पुष्कळ मुलं आधी काही महिने नुसती ऐकत असतात, हे बाईंनी मला समजावलं होतं, पटलंही होतं. पण दर रविवारी बडोद्याला रात्रीचे साडेआठ, आमचे दुपारचे चार वाजले की व्हिडिओ कॉल, आणि स्क्रीनवर भावजी: "बोलून दाखव बरं दोन वाक्यं जर्मनमध्ये." एका रविवारी ती टेबलाखाली जाऊन बसली. भावजी हसले, "एक तर नापास, वर मुकी." मी कॉल कापला. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, "दादाचा स्वभाव तसाच आहे." स्वभाव! सात वर्षांच्या पोरीला कुणाचा स्वभाव समजून घ्यायचा असतो?

फेब्रुवारीत ती बोलली. तिथे मुलं वर्गात शिरताना बूट काढून घरातल्या चपला घालतात. एका मुलाने हिच्या घातल्या, आणि पाच महिने गप्प असलेली पोरगी जोरात ओरडली, "डास सिंट माइने!" त्या माझ्या आहेत. बाईंनी सांगितलं तेव्हा मी तिथेच रडले. भाषा भांडणातच फुटते, गच्चीवर आमचीही तशीच फुटली होती.

आणि ते 'वाया गेलेलं' वर्ष. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यात मुलाची पुढची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांच्या गुणांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असली तर गिम्नाझिउमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, सरळ जाता येतं. तिथे एक म्हणजे सर्वोत्तम आणि सहा म्हणजे गाळात. (सासूबाईंना 'गणितात दोन' कळल्यावर त्यांनी विचारलं, "दहापैकी?") लेकीला दोन, दोन आणि जर्मनमध्ये तीन मिळाले. बरोब्बर २.३३. ती वर्षभर आधी चौथीत असती तर जर्मनमध्ये तीन मिळाले असते का, हे भावजींनी मला सांगावं.

तेव्हा शाळा एक इयत्ता मागे बसवते म्हणाली तर घासाघीस करू नका. मुलगा चारचा आहे, त्याची काळजी सोडा. माझा धाकटा दोन महिन्यांत बोलायला लागला. त्याला किंडरगार्टनमध्ये जागा मिळणं हेच अवघड, निघण्याआधीच नाव घाला. गोवराच्या दोन डोसांचा पुरावा दिल्याशिवाय तिथे घेत नाहीत, शाळेतही मागतात. आमची नोंद ममता कार्डावर, म्हणजे गुजरातमधल्या लसीकरणाच्या कार्डावर, गुजरातीत होती, भाषांतर करून घ्यावं लागलं.

आणि दिवाळीला बडोद्याला येऊ असं आईला कबूल करून बसू नका. शाळा चालू असताना मुलांना अशी रजा मिळत नाही, तशीच नेलीत तर दंड होऊ शकतो. आपण बडोद्याच्या लोकांनी तरी यावर कुरकुर करू नये. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलं न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होताच.

हे सगळं एका घराचं आहे, हेही सांगते. आमचं गाव लहान होतं, बाई चांगल्या मिळाल्या, आणि मी पहिलं वर्ष नोकरी न करता घरी होते. तुम्ही दोघंही कामावर जाणार असाल तर गणित वेगळं. जर्मनीत प्रत्येक राज्याचे शाळेचे नियमही निराळे.

लेक आता सहावीत आहे. रविवारचा कॉल हल्ली तीच लावते, आजीच्या फोनवर. भावजी खोलीत असले तर आजीला म्हणते, "गच्चीवर जा ना, मग बोलू."