आजोबांच्या नावचा जुना मराठी फेरफार सरकारी रेकॉर्ड धरतात का?

हो, धरतात. तुम्ही लिहिलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या शेतीचा 1940 च्या दशकातला फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) मागायला कचेरीत गेलात, तर 'तो मुंबई राज्याचा मराठी कागद, आता कॉम्प्युटरवरचा उतारा तेवढाच सरकारी' असं सांगून परत पाठवलं. मी बेळगावात याच कागदांची कामं करतो आणि असं ऐकून माणसं हक्क सोडून देतात, याचा मला मनापासून राग येतो.

1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला. राज्य बदललं म्हणून आधीच्या नोंदी रद्द झाल्या नाहीत. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 2(आय) मध्ये रेकॉर्ड म्हणजे कुठलाही दस्तऐवज, हस्तलिखित, फाइल, मायक्रोफिल्म, कॉम्प्युटरवर तयार झालेला मजकूर. त्यात भाषेची अट नाही, वयाचीही नाही. कागद कचेरीच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली आहे ना, एवढंच बघायचं. फाइलीतल्या साहेबांच्या टिपण्याही त्यात आल्या.

खरेदीखताचं मात्र वेगळं. दोन माणसांतलं खरेदीखत हा खासगी दस्त. पण त्याची उपनिबंधकांच्या पुस्तकात उतरवलेली नक्कल सार्वजनिक दस्तऐवजात मोडते. त्यामुळे घरच्या ट्रंकेतलं खत वाळवीनं खाल्लं तरी नोंदणी झालेली असेल तर तिकडे विचारा.

कोर्टात झेरॉक्सवर भागत नाही, प्रमाणित नक्कल घ्या. हातात पडली की काउंटरवरच शेवटचं पान बघा: 'खरी नक्कल' असा शेरा, तारीख, अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही आणि शिक्का. यातलं एक राहिलं तरी तिथेच पुरं करून घ्या. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 75 खाली येतं. आधी पुरावा कायद्याचं कलम 76 होतं.

आता अर्ज. रेकॉर्ड मराठीत असलं तरी माहिती अधिकाराचा अर्ज कायद्यानं इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये करायचा. मराठीत दिलात तर त्यांना आयतं कारण मिळतं. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, साधारण 150 शब्दांत. 'माझं नाव का लावलं नाही?' असं विचारू नका. कागदावर नसलेलं उत्तर तयार करून द्यायला ते बांधील नाहीत. गाव, सर्व्हे नंबर, अंदाजे वर्ष लिहून फेरफार वहीची प्रमाणित नक्कल मागा, आणि वही प्रत्यक्ष बघायची परवानगीही. वर्ष नक्की ठाऊक नसेल तर बघण्याचाच जास्त उपयोग होतो.

'सापडत नाही' म्हणाले तर तेच लेखी मागा. गहाळ रेकॉर्डचा कसून शोध घ्यावा, गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवावी, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2013 मध्ये म्हटलंय. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा आणि त्यात हा निकाल नमूद करा.