शेजाऱ्यांचा कुत्रा आईला चावला, पोलिसांनी नुसती एनसी घेतली

प्रश्न: माझी आई (वय 67) लिफ्टमधून बाहेर पडताना शेजाऱ्यांचा कुत्रा तिच्या पोटरीला चावला. रक्त आलं. कुत्र्याला पट्टा नव्हता. मालक म्हणतात, ‘त्याला सगळ्या लसी दिल्यात, काही होत नाही. तुमच्या आईचाच पाय शेपटीवर पडला.’ आईला एक इंजेक्शन दिलंय, पुढची घ्यायची का? पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घरी पाठवलं. आता मालक औषधांचे पैसे द्यायला तयार आहेत, पण ‘आमची तक्रार नाही’ असं लिहून मागतात. सोसायटीतले काहीजण कुत्र्याला बाहेर काढा म्हणतात. नुकसानभरपाई मिळेल का?

उत्तर: आधी इंजेक्शनं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळे मालकाच्या शब्दावर डोस थांबवू नका. पहिला दिवस शून्य धरून दंडातली लस 3, 7, 14 आणि 28व्या दिवशी घेतात. कातडीत देतात तिचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं आणि ते पहिल्या डोसनंतर सात दिवसांपर्यंतच देतात. ते दिलंय का, हे आजच केस पेपरवर बघा. धनुर्वाताचंही विचारून घ्या. मालकाकडून लसीकरणाचं कार्ड मागा आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगा. तो ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतील.

आता एनसीचं. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे एफआयआर व्हायला हवा. ठाण्यावर ‘कुत्र्याची कसली एफआयआर’ हे ऐकावं लागतंच. वाद घालू नका, लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. तरीही हलले नाहीत तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर उपायुक्तांना पाठवा. त्यापुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मुंबईत 2010 साली रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात मालकाला तीन महिन्यांची कैद झाली, पण निकाल लागला 2023 मध्ये. एवढा वेळ जातो, म्हणून कागद पहिल्या आठवड्यातच जमवायचे.

त्यात सगळ्यात आधी सीसीटीव्ही. चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवावं असं सोसायटीला आजच लेखी कळवा. ते कोर्टात चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं. जखमेचे तारखेसह फोटो, केस पेपर आणि बिलं जपा. हा कुत्रा याआधी कुणावर धावून गेला होता का, तेही विचारा. मालकाला त्याचा स्वभाव माहीत होता हे दाखवता आलं तर शेपटीची गोष्ट फारशी टिकत नाही. सामायिक जागेत पट्टा नव्हता, हेही तुमच्या बाजूचंच आहे.

भरपाईसाठी वकिली नोटीस आणि मग दिवाणी दावा. उपचारांचा खर्च, बुडालेलं उत्पन्न, वेदना, सगळं त्यात मागता येतं. ‘एका दाताला दहा हजार’, म्हणजे चाव्यातल्या दाताच्या प्रत्येक खुणेमागे दहा हजार रुपये भरपाई, हा मेसेज तुमच्यापर्यंत आला असेलच. तो हिशेब पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2023 मध्ये तिथल्या राज्य सरकारांनी द्यायच्या भरपाईसाठी घातला. तो तुमच्या शेजाऱ्याला तसाच लावता येणार नाही.

कुत्रा सोसायटीतून काढायचा ठराव करू नका, तो टिकत नाही. पट्टा लावा, लिफ्टमध्ये मोकळा सोडू नका, असं बजावता येतं. कुणी रागाच्या भरात त्याला विष घालायची भाषा केली तर त्याला तिथेच थांबवा, कारण तो गुन्हा कलम 291 पेक्षा किती तरी जड आहे.

आणि ‘आमची तक्रार नाही’ या कागदावर सही नको. डोस संपायच्या आत तर नकोच. पैसे घ्यायचेच असतील तर बँकेतून घ्या आणि पावतीवर ‘आजवरच्या औषधोपचारांपोटी’ एवढेच शब्द लिहा.