मागच्या सीटवर कोण बसणार?

प्रश्न : मोठी, आरामशीर सेडान घ्यायची आहे. एसयूव्ही नको. आई ऐंशीच्या घरात आहे, गुडघे दुखतात, ती कायम मागेच बसते. आमच्या मनात टोयोटा कॅमरी आणि लेक्सस ईएस आहे, मुलगा मात्र बीएमडब्ल्यू थ्री सीरिजवर अडून बसलाय. शिवाय दोन-तीन वर्षं वापरलेली घ्यावी का, हेही सांगा. — एक वाचक

उत्तर : चालवण्याची मजा हवी असेल तर मुलाचं ऐका. तिघींत थ्री सीरिजच वळणावर जीव लावते. पण पत्रात तुम्ही आईच्या गुडघ्यांबद्दल लिहिलंय आणि इंजिनाबद्दल अवाक्षर नाही, तेव्हा कौल लागलाच आहे असं धरून पुढे लिहितो.

माहितीपत्रकातल्या व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या आकड्यावर भुलू नका. सध्याच्या साध्या थ्री सीरिजचा व्हीलबेस 2851 मिलिमीटर, कॅमरीचा 2825. कागदावर बीएमडब्ल्यू मोठी, पण मागे बसलात की गुडघ्यांना जागा कॅमरीत जास्त. कारण कॅमरीचं इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि ओढ पुढच्या चाकांची. थ्री सीरिजचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, ताकद मागच्या चाकांकडे जाणारी, त्यामुळे लांबीचा बराच भाग बॉनेटखाली जातो आणि मागे मधोमध उंचवटा येतो. तिसऱ्या माणसाने पाय ठेवायचे कुठे? (काही देशांत थ्री सीरिजची 110 मिलिमीटरने लांबवलेली आवृत्ती मिळते. ती मिळत असेल तर मुलाची बाजू बरीच भक्कम होते.)

2018 साली आलेली ईएस ही कॅमरीच्याच जीए-के प्लॅटफॉर्मवरची, म्हणजे त्याच मूळ सांगाड्यावरची, फक्त व्हीलबेस 45 मिलिमीटरने जास्त. म्हणजे वरचे पैसे जातात ते शांततेला, सीटला, दार बंद होतानाच्या आवाजाला. आईला त्यातलं पहिलं आणि दुसरं कळेल, तिसरं शेजाऱ्यांना.

आता शोरूममध्ये आईला घेऊनच जा. ड्रायव्हरची सीट मुलाच्या उंचीप्रमाणे लावा आणि पूर्ण खाली करा. मग आईला मागे बसवून विचारा, पावलं पुढच्या सीटखाली सरकतात का? इलेक्ट्रिक सीट खाली आणली की पुष्कळ गाड्यांत तिथे बोटंही शिरत नाहीत, आणि लांबच्या प्रवासात गुडघा त्यानेच आखडतो. विक्रेता हे आपण होऊन दाखवणार नाही. मग तिला कुणाचा हात न धरता उतरू द्या. सेडानची बैठक खालीच असते, त्यामुळे उठताना तिची खरी परीक्षा होते. इथे तिन्ही गाड्या नापास झाल्या तर माझा सगळा सल्ला फाडून टाका आणि एसयूव्ही बघा. सनरूफ असलेली गाडी असेल तर डोक्यावरची जागाही तपासा, दोन-तीन बोटं तिथेच कमी होतात.

चाकांच्या बाबतीत मी हट्टी आहे. मोठी रिम घेऊ नका. 17 इंची रिमवरच्या 215/55 आर17 टायरची बाजूची भिंत सुमारे 118 मिलिमीटर उंच, 18 इंचीवरच्या 235/45 आर18 ची 106. खड्ड्याचा पहिला धक्का ही रबराची भिंतच खाते. चकचकीत रिम फोटोत शोभतात, बिल मात्र पाठीला येतं. बीएमडब्ल्यूला रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर आहेत का, तेही विचारा. त्यांची भिंत मुळातच कडक असते आणि बहुधा स्टेपनीही मिळत नाही.

वापरलेली घ्यायला माझी हरकत नाही, उलट या वर्गातल्या गाड्यांची किंमत पहिल्या काही वर्षांतच जोरात उतरते, तो फटका पहिल्या मालकाने सोसलेला बरा. सर्व्हिसची नोंद सलग हवी, हायब्रिड असेल तर बॅटरीची तपासणी अधिकृत केंद्रातच करून घ्या. आणि टायरच्या भिंतीवर ‘DOT’ अक्षरांपुढे छापलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा : 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या तारखांचे निघाले, तर का ते मालकाला विचारा, आणि उत्तर ऐकताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.